उताणा हात

माघ संपत आला होता. एका दुपारी वडील बाजारातून परत आले. ओटीवर बसले. पाणी मागायला त्यांनी तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. आम्ही त्यांना बोईसरच्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

वडील गुरांच्या बाजारात दलाल होते. महामार्गाच्या अलीकडे, जिथून डोंगर सुरू होतात, तिथल्या माळावर आठवड्यातून एकदा हा बाजार भरतो. विकणारा आणि घेणारा यांच्या मधोमध उभं राहायचं, दोघांचंही ऐकायचं आणि सौदा जुळवून द्यायचा, हे त्यांचं काम. ऐकायचं ते हाताने. आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. खांद्यावरचा पंचा दोघांच्या हातांवर टाकतात आणि पंच्याखाली बोटं धरतात. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, सगळा पंजा म्हणजे पाच. नखाने तळव्यावर रेघ ओढली की अर्धा. पुढची शून्यं कोणी सांगत नाही, ती समोरच्या जनावराकडे बघून समजून घ्यायची. शेळीपुढे धरलेली तीन बोटं वेगळी आणि म्हशीपुढे धरलेली वेगळी. भोवती माणसं दाटीने उभी असतात, पण भाव त्या दोन हातांच्या बाहेर जात नाही.

मी लहानपणापासून पुस्तकात डोकं घालून बसणारी. पुढे शाळेच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली तेव्हा आई म्हणाली, आता हिला हाक मारून उपयोग नाही. वडील तर आधीपासूनच मला हाक मारत नसत. मी वाचत असले की शेजारी येऊन बसत, पंचा माझ्या हातावर टाकत आणि बोटं दाबत. दोन बोटं म्हणजे चुलीत दोन बोंबील भाजून ठेवलेत, गरम आहेत तोवर चल. चार म्हणजे चारची एसटी, मामाकडे जायचंय. एका वर्षी शाळेत निकाल ऐकून ते घरी आले, आईसमोर काही बोलले नाहीत, फक्त पंच्याखाली माझं एकच बोट धरून बसले. मी पहिली आले होते. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय बाजार चाललाय बापलेकीचा?" त्यावर आम्ही दोघंही हसायचो आणि भाव कोणी सांगायचं नाही.

माझ्याशी त्यांनी सौदा मात्र कधी केला नाही. ते सांगत आणि मी ऐकत असे.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ एकटी होते. उजवं अंग गेलं होतं, डावा हात हलत होता. चादरीखाली त्या हाताने माझा हात शोधला आणि माझी तीन बोटं धरली. सोडली आणि पुन्हा तीन धरली. बाजारात भाव पक्का ऐकू जावा म्हणून दोनदा दाबतात, तसं. मग त्यांनी माझा हात हळूच उलटा केला, तळवा वर येईल असा, आणि गादीवर तसाच ठेवून दिला. त्यांचा हात माझ्या हाताशेजारी पडून राहिला. मला वाटलं, थकले. खिडकीतून कारखान्यांचा वास येत होता. डोक्यावर पंखा फिरत होता आणि त्याची सावली चादरीवरून पाण्यासारखी सरकत होती. ते बराच वेळ माझ्या तळव्याकडे बघत होते. मग त्यांचे डोळे मिटले.

मी आईला सांगितलं, बाबांनी तीन बोटं धरली. उलट्या केलेल्या हाताचं सांगावं असं मला वाटलंच नाही.

"कशाचे तीन?" आईने विचारलं आणि उत्तरही तिनेच दिलं. "बैलाचे. आदल्या राती त्यावरनंच आमचं वाजलेलं. मी म्हटलं, विका त्याला, माझ्यानं आता शेण उचलवत नाय. तेव्हा काय बोलले नाय. आता बोलले. तीनखाली देऊ नको म्हणाले."

आमच्या गोठ्यात एकच जनावर होतं. तांबडा बैल, पाठीवर पांढरा पट्टा. काही वर्षांपूर्वी बाजारात त्याला कोणी घेईना, कारण त्याचा जोडीदार मेला होता आणि एकट्या बैलाचं काय करायचं हे कोणाला सुचत नव्हतं. पावसाच्या तोंडावर भाव येईल तेव्हा विकू, असं म्हणून वडिलांनी त्याला घरी आणलं. पाऊस आला आणि गेला. आमच्या शेताच्या तुकड्यात नांगरणीला भाड्याचा टिलर फिरतो, बैलाला काम नव्हतं. संध्याकाळी वडील त्याला बांधावरून फिरायला नेत. पुढे ते, मागे तो, दोघंही रमतगमत. लांबून बघितलं तर कोण कोणाला फिरवतंय ते कळत नसे.

वडील गेल्यावर त्याचं सगळं आईवर आलं. तिचे गुडघे दुखतात. होळीनंतर बोअरिंगचं पाणी खाली गेलं आणि त्याच्यासाठी पाण्याच्या बादल्या पाटलांच्या विहिरीवरून आणाव्या लागू लागल्या. मी शाळेतून येईपर्यंत तिने दोन खेपा केलेल्या असत. त्याला विकणं भाग होतं. आणि तीनखाली विकणं आईला शक्य नव्हतं. नवऱ्याचा शेवटचा शब्द तिच्याजवळ होता, आणि तो शब्द एक आकडा होता.

घरामागे भाताच्या पेंढ्याची उडवी रचलेली असते. दिवाळीनंतर ती घराएवढी उंच होती, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्याशिवाय काही दिसत नसे. बैल खात गेला तशी ती खाली बसत गेली. आधी खिडकीतून ताडाचा शेंडा दिसू लागला, मग सगळा ताड, मग चिंचणीकडे जाणारा रस्ता. एके दिवशी आई भाकरी थापता थापता म्हणाली, "एसटी दिसायला लागली बघ." पेंढा संपत आला होता.

म्हणून मी बाजाराला जाऊ लागले. सोबत वडिलांचे बाजारातले जोडीदार असत. त्यांना मी काका म्हणते. जन्मभर दोघांनी एकाच झाडाखाली दलाली केली आणि एकाच डब्यातून पान खाल्लं. पहाटे टेम्पो येई. निघण्याआधी आई बैलाच्या पायांवर पाणी घाली, कपाळाला हळदकुंकू लावी, पदराने डोळे पुशी. संध्याकाळी तो परत येई. दर आठवड्याला निरोप आणि दर आठवड्याला परत. पुढे पुढे ती नुसती हळद लावून म्हणायची, "जा. जाऊन ये." टेम्पोवाला उत्तरेकडचा मुलगा होता. तो एकदा मला म्हणाला, "मॅडम, ये तो हर हफ्ते घूमने जाता है. इसका पास बनवा दो."

उन्हाळ्यातला तो बाजार मला आजही झोपेत दिसतो, आणि झोपेत तो जसा दिसतो तसाच प्रत्यक्षातही होता. फाटकाशी कानातला बिल्ला बघायचे, पावती फाडायचे, डॉक्टर जनावराच्या तोंडात आणि डोळ्यांत बघायचे. तिथून आत गेलं की धूळ. ती उडत नसे, उभी असे, उन्हात पिवळी होऊन. त्या धुळीत शिंगं तरंगत, टोप्या तरंगत. एका बाजूला तबेल्यांसाठी म्हशी ट्रकात चढत. दुसऱ्या बाजूला बोकड ओरडत. बकरी ईद जवळ आली होती आणि त्यांचा भाव दर बाजारी चढत होता. मधल्या पट्ट्यात, बैलांच्या बाजूला, शांतता होती. तिथे सगळे विकायलाच आलेले. बैल रवंथ करत उभे, माणसं त्यांच्या सावलीत बसलेली. मधूनच कुठेतरी पंचा पसरला जाई, दोन माणसं एकमेकांचे हात धरून उभी राहत, डोळे तिसरीकडेच लागलेले, जणू एकमेकांची नाडी बघताहेत. धुळीत पंचा हलला की मला वाटे, बाबा असतील. मी बघत राही. पंचा निघे आणि खालून दुसऱ्याच कुणाचा हात निघे.

काका म्हणत, "पेंढा संपला का माणूस जनावर कमी करतो. म्हणून आता भाव पडलेला. पूर्वी पाऊस जवळ आला का चढायचा. आता टिलर भाड्यानं मिळतो, कोण बैल घेतो? डोंगरावरचा घेतो, जिथं टिलर चढत नाय तिथला. त्याच्याकडं तीन कुठून येणार, बाय?"

पहिल्या बाजारी एकाने त्यांच्या हातात दोन धरले. दुसऱ्या बाजारी एक आणि रेघ. दोन्ही वेळा काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नकाराची मान हलवली. मग आम्ही चिंचेखाली बसून राहिलो.

चिंचेखाली आमच्या शेजारी चिंचणीची एक कोळीण सुकी मासळी घेऊन बसे. पावसाच्या आधी डोंगरावरची माणसं तिच्याकडून बोंबील, सुकट, बांगडे वर्षाची बेगमी म्हणून नेत. बैल विकून झाला की माणूस तिच्याकडे येतो, हे तिला माहीत होतं, त्यामुळे आमचा बैल विकला जात नाही हे तिच्या मनाला लागलं होतं.

"अगो, दर बाजारी बघतंय याला," ती म्हणाली. "आता माझा सोयरा झाला. आणखी दोन बाजार उभा राहिला ना, तर बोंबील खायला शिकवीन."

"तीन आल्याशिवाय द्यायचा नाही," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?"

"माझे वडील."

तिला वडील गेल्याचं ठाऊक होतं.  तिने मासळीवरच्या माश्या हाकलल्या आणि थोड्या वेळाने म्हणाली, "ते बी असंच बसायचे. बोलायचे नाय. सुकट घ्यायचे तरी बोटं दाखवून."

रोहिणी लागल्यावरचा तो बाजार. आभाळ पांढरं झालं होतं, वारा दर्याकडून यायला लागला होता. उडवीच्या जागी आता फक्त गोल डाग राहिला होता आणि आई शेजाऱ्यांकडून पेंढा मागून आणत होती. त्या दिवशी नवरा-बायकोचं एक जोडपं आलं. डोंगरातलं, विक्रमगडच्या वरच्या अंगाचं. हिवाळाभर वीटभट्टीवर होते, नुकतेच घरी परतले होते. त्यांच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात चरताना कड्यावरून घसरून मेला होता. एक उरला होता, तोही तांबडा. शेत उतारावर. पेरणीपूर्वी जोडीदार मिळाला नाही तर यंदा शेत पडीक.

पुरुष बोलत नव्हता. बाईच बैलाभोवती फिरली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जू बसतं त्या जागी, आणि बराच वेळ ठेवला. तोंड उघडून दात बघितले.

"जुळलेला हाय," काका म्हणाले. म्हणजे सगळे दात आलेले, वय झालेलं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"माझा पण जुळलेलाच हाय," बाई नवऱ्याकडे बघून म्हणाली. कोळीण मोठ्याने हसली.

काकांनी पंचा काढला आणि पुरुषाकडे हात केला. तो मागे सरकला. "तिला विचारा. बैल तीच हाकते, मी नांगर धरतो."

काकांचा हात तसाच राहिला. बाईच्या हातावर पंचा टाकून बोटं धरायची, हे त्यांनी आयुष्यात केलेलं नव्हतं. भोवतीच्या दोघातिघांनी माना वळवल्या. कोणीतरी म्हणालं, "काय काका, म्हातारपणी?"

"माल कुणाचा?" बाईने विचारलं.

"हिचा."

"मग हिचाच हात दे. बाया बाया बोलू." तिने मला जवळ ओढलं. काका पंचा पुढे करू लागले तर ती म्हणाली, "तो कशाला? पदर हाय नं."

तिने पदर आमच्या हातांवर टाकला. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड. त्याखाली तिचा हात खरखरीत होता, भट्टीच्या मातीने फाटलेला, आणि गरम. "आता बाजार बायांचा झाला," कोळीण म्हणाली. "मला बी एक पदर घ्यायला लागेल."

मी तीन बोटं धरली. तिने ती ऐकली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही, फक्त तिची नजर बैलाच्या खांद्यावर गेली. मग तिने माझी दोन बोटं धरली. सोडली, पुन्हा दोन धरली. मी मान हलवणार तेवढ्यात तिने पदराखाली माझा हात हळूच उलटा केला, तळवा वर येईल असा, आणि तसाच ठेवून दिला. तिचा हात माझ्या हाताशेजारी थांबला.

मला पंख्याची सावली दिसली. चादर दिसली.

"काका," मी म्हटलं, "हात उताणा केला म्हणजे काय?"

"म्हणजे आता तू बोल. तिचं सांगून झालं, आता तुझा आकडा सांग."

"शेवटी करतात का तसं? म्हणजे, आता याच्यापुढे काही नाही, असं सांगायला?"

"शेवटी?" काका हसले. "सुरुवात हाय ती. हात उताणा केल्याबिगर सौदा सुरूच होत नाय. नुसता भाव सांगून सोडला तर तो हुकूम झाला."

 बाईने घाई केली नाही. पदराखाली माझा तळवा उघडा होता आणि त्यावर घाम येत होता. बोकडांचा आवाज लांबून, पाण्याखालून यावा तसा येत होता. बैलाने श्वास सोडला आणि त्याची धूळ माझ्या पायांवर बसली. मला वाटतं मी बराच वेळ तशी उभी होते. नंतर काका म्हणाले, एक पान लावून होईल एवढाच वेळ.

मग मी तिचा हात शोधला. दोन बोटं धरली आणि तिच्या तळव्यावर नखाने रेघ ओढली.

तिचा तळवा जरासा आखडला. तिने नवऱ्याकडे बघितलं. त्याने बैलाकडे बघितलं. बैल दोघांकडेही बघत नव्हता. मग तिने माझा सगळा हात आपल्या मुठीत घेतला आणि मिटला. आमच्याकडे सौदा जुळल्याची ती खूण. तिने पदर काढला तेव्हा माझा हात उन्हात एकदम नवा दिसला.

"किती?" कोळणीने विचारलं.

"बाजारात विचारतात का?" बाई म्हणाली, आणि तिच्यासमोर बसून बोंबील निवडू लागली.

जनावर विकलं तरी दावं विकत नाहीत. जुन्या घराचं दावं जुन्या घरी परत जातं, घेणाऱ्याने स्वतःचं आणायचं. त्या माणसाने पिशवीतून हिरवी नायलॉनची दोरी काढली. काकांनी ती बैलाच्या गळ्यात बांधली आणि मगच जुनं दावं सोडलं. मधे एक क्षणही तो मोकळा राहू नये असं असतं. जुनं दावं त्यांनी माझ्या हातात दिलं. ते वडिलांनी स्वतः वळलेलं होतं आणि मानेच्या जागी गुळगुळीत झालं होतं. बाई पुढे चालू लागली, बैल तिच्या मागे गेला. रमतगमत. धुळीत त्याचा पांढरा पट्टा काही वेळ दिसत होता.

परतताना टेम्पोवाल्याने मागे वळून रिकाम्या हौद्याकडे बघितलं.

आई ओटीवर बसली होती. तिने माझ्या हातातलं दावं बघितलं. "किती?" म्हणाली.

मी तिच्याजवळ बसले, तिचा पदर तिच्याच हातावर टाकला आणि दोन बोटं धरून रेघ ओढली. तिला ही भाषा येत नाही असं मी इतकी वर्षं समजत होते. तिने हात काढून घेतला.

"त्यांनी तीन सांगितलेले."

मग मी तिला उताण्या हाताचं सांगितलं. दवाखान्यातलं आधी आणि बाजारातलं नंतर. हात कसा उलटा केला, कसा ठेवला, त्यांचे डोळे कुठे होते, काका काय म्हणाले. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, समोरच्या रस्त्याकडे बघत होते. तारापूरच्या बाजूला आभाळ काळं होऊ लागलं होतं.

 आईने दावं माझ्याकडून घेतलं आणि मांडीवर ठेवून उलगडत राहिली.

"म्हणजे तुला विचारत होते," ती म्हणाली.

"हो."

"तू तेव्हा दोन आणि रेघ म्हणाली असतीस तर?"

"माहीत नाही."

"रुसले असते," आई म्हणाली. "चहा न पिता बसले असते ओटीवर. मग मानलं असतं." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि आत चहा ठेवायला गेली.

पेरणी झाल्यावर काकांनी निरोप आणला की डोंगरावर जोडी नीट चालते, फक्त आमचा बैल संध्याकाळी जू सोडल्यावर घरी जात नाही, बांधावरून फिरून येतो, आणि बाई त्याच्यासाठी थांबते.

गोठा आता रिकामा आहे. उडवी यंदा रचली नाही, त्यामुळे खिडकीतून रस्ता दिसतो. घरात आई आहे आणि मी आहे. दावं ओटीवरच्या खुंटीला आहे, त्याच्यावर वडिलांचा पंचा.